औषधाआधीची तपासणी : आपण काय विचारायचं?



‘जनुकीय तपासणी’ म्हटलं की आपण सावध होतो, आणि ते योग्यच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्त्रिया लढल्या तेव्हा महाराष्ट्रात १९८८ साली आणि देशात १९९४ साली कायदा झाला. तपासणी कोणाच्या हातात आणि कोणाच्या भल्यासाठी, हे विचारायला आपण त्या लढ्यातून शिकलो. आज मी एका वेगळ्या तपासणीबद्दल बोलणार आहे. प्रश्न मात्र तोच आहे.

अबॅकॅव्हिर हे एच.आय.व्ही.वरचं एक औषध. बहुतेकांना ते सोसतं. पण तपासणी सुरू होण्याआधी शंभरातल्या पाच ते आठ जणांना त्याची तीव्र ॲलर्जी होत असे, बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. ताप, पुरळ, उलट्या, खोकला, कमालीचा थकवा. औषध थांबवलं की त्रास ओसरतो. खरा धोका पुढेच आहे. तेच औषध पुन्हा घेतलं तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. घरच्यांपासून गोळ्या लपवणारी, ताप आला म्हणून त्या सोडणारी आणि बरं वाटल्यावर कोणाला न सांगता पुन्हा घेणारी बाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. हा धोका तिला आहे.

२००२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी या ॲलर्जीचा एच.एल.ए. बी ५७:०१ या जनुकप्रकाराशी असलेला संबंध दाखवला. २००८ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात १९ देशांतले १,९५६ रुग्ण होते. ज्या गटाची आधी तपासणी करून जनुक असणाऱ्यांना औषध दिलं नाही, त्या गटात त्वचाचाचणीने सिद्ध झालेली ॲलर्जी एकालाही झाली नाही. दुसऱ्या गटात ती २.७ टक्के होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने औषधाआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली.

जनुक सापडला म्हणजे ‘रक्तातच खोट’ असं मुळीच नाही. तो असलेल्या सुमारे निम्म्यांनाच ॲलर्जी होते. त्यांना दुसरं औषध द्यायचं, इतकाच त्याचा अर्थ. मात्र तो आईवडिलांकडून मुलांत येऊ शकतो, आणि आपल्याकडे अबॅकॅव्हिर लहान मुलांनाही दिलं जातं. म्हणून आईला ही ॲलर्जी झाली असेल, तर मुलाच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

एका तपासणीने सगळं सुटत नाही. नेव्हिरॅपीन या जुन्या औषधाने यकृताला होणारा धोका सीडी-४ पेशी २५० पेक्षा जास्त असलेल्या स्त्रियांना कितीतरी अधिक होता. म्हणजे औषध सुरू करताना बाईच्या शरीराचा वेगळा विचार करावाच लागतो.

२०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने उपचारांसाठीही माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली आहे. म्हणून आपल्या गटातल्या प्रत्येकीला तीन प्रश्न पाठ असू द्या : या गोळीत कोणकोणती औषधं आहेत? ती सुरू करण्याआधी कोणती तपासणी हवी? त्रास झाला तर रात्री कोणाकडे जायचं?

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : अबॅकॅव्हिरची ॲलर्जी एकदा झाली, तर ते पुन्हा कधीही घ्यायचं नाही. कार्डावर तसं लिहून घ्या.