न्यायमूर्तींची नेमणूक आणि सत्तेचा लगाम
(इंदूर येथील मराठी भाषिकांच्या सभेत केलेले भाषण)



आपण इंदूरची मराठी मंडळी आणि आम्ही सीमाभागातील मराठी माणसे यांच्या पंचांगात एक तारीख सामाईक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले आणि त्याच दिवशी आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात ढकलले गेले. आपण तो दिवस राज्याचा स्थापनादिन म्हणून साजरा होताना पाहता. आम्ही तो काळा दिवस म्हणून पाळतो. आमच्या ८६५ गावांचे गाऱ्हाणे घेऊन महाराष्ट्र सरकार २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेले. त्यानंतर दोन दशके लोटली, निकाल नाही. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग हे सारे करून झाल्यावर ज्यांनी आपली सारी आशा न्यायासनाच्या पायाशी ठेवली आहे, त्या आम्हांस न्यायाधीश कोण नेमतो, त्याला कायम कोण करतो आणि त्याची बदली कोण करतो हा प्रश्न केवळ वकील मंडळींच्या चर्चेचा वाटत नाही. तो आमच्या घरादाराचा प्रश्न आहे.

राज्यघटनेने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास एकदा बसविल्यावर सहजासहजी उठविता येऊ नये अशी व्यवस्था केली. महाभियोगावाचून त्याला काढता येत नाही. मग सत्ताधाऱ्यांच्या हाती उरले काय? तीन गोष्टी उरल्या. पहिली नेमणूक. दुसरी कायम करणे. कारण अनुच्छेद २२४ अन्वये अतिरिक्त न्यायाधीश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतो आणि त्यानंतर तो दुसऱ्याच्या मर्जीवर लोंबकळतो. तिसरी, अनुच्छेद २२२ अन्वये होणारी बदली. घोड्याला खोगिरावरून पाडता आले नाही तरी लगाम हाती असला म्हणजे पुरते. तो कोणत्या वाटेने जाईल हे लगाम धरणारा ठरवितो.

ही गोष्ट दूर दिल्लीची नव्हे, आपल्या अंगणातील आहे. मे २०२५ मध्ये महूजवळील रायकुंडा गावी राज्याचे मंत्री विजय शाह यांनी कर्नल सोफिया कुरेशी यांना उद्देशून लज्जास्पद उद्गार काढले. ज्या महूत बाबासाहेब आंबेडकर जन्मले, त्याच्याच परिसरात हे घडावे! जबलपूर येथे न्या. अतुल श्रीधरन आणि न्या. अनुराधा शुक्ला यांच्या खंडपीठाने १४ मे रोजी स्वतः होऊन दखल घेतली व गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. याच इंदूर जिल्ह्यातील मानपूर ठाण्यात तो नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी खंडपीठाने त्या फिर्यादीचा मसुदाही वाचला आणि ती टिकू नये अशा बेताने लिहिली आहे, असे खडसावले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शाह यांच्या अटकेस स्थगिती दिली, पण चौकशीसाठी तीन पोलीस अधिकाऱ्यांचे विशेष पथकही नेमले.

याच न्या. श्रीधरन यांची छत्तीसगडला बदली करावी, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने ऑगस्ट २०२५ मध्ये केली. ऑक्टोबरात ती बदलून अलाहाबाद करण्यात आली. हा बदल सरकारने फेरविचार मागितल्यावरून केला, असे कॉलेजियमच्या निवेदनातच नमूद आहे. छत्तीसगडला ते ज्येष्ठतेने वरच्या स्थानी बसले असते व तेथील नेमणुका सुचविणाऱ्या मंडळात आले असते; अलाहाबादेत ज्येष्ठतेची रांग लांब. तो आदेश आणि ही बदली यांत कार्यकारणभाव सिद्ध झाला आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरकारने काय कारण दिले आणि कॉलेजियमला ते का पटले, हे जनतेस कोणी सांगितले काय? जेथे कारण सांगितले जात नाही तेथे संशय बिनभाड्याने राहावयास येतो.

याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाची आणखी एक कथा. १० मे २०१९ रोजी न्या. अकील कुरेशी यांना येथील मुख्य न्यायमूर्ती करावे, अशी शिफारस झाली. गुजरातेत असताना २०१० साली त्यांनी अमित शहा यांना केंद्रीय अन्वेषण विभागाच्या कोठडीत देण्याचा आदेश दिला होता. केंद्र सरकारने शिफारस अडवून धरली, जूनमध्ये येथे प्रभारी मुख्य न्यायमूर्ती नेमले आणि सप्टेंबरात कॉलेजियमने कुरेशी यांचे नाव त्रिपुरास वळविले. जबलपूरसारख्या मोठ्या न्यायालयाऐवजी चिमुकले त्रिपुरा! पुढे ते राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती झाले, सर्वोच्च न्यायालयात मात्र गेले नाहीत. निवृत्त होताना, सरकारचे आपल्याविषयीचे प्रतिकूल मत हे आपण स्वातंत्र्याचे प्रशस्तिपत्र मानतो, अशा आशयाचे ते बोलले.

कोणी म्हणेल, हा एका पक्षावर रोख आहे. तसे मुळीच नाही. हा रोग जुना असून त्याचे बीज काँग्रेसच्या राजवटीत रुजले. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उमेश लळित यांना कायम करण्यात आले नाही. दिल्लीचे न्या. आर. एन. अगरवाल यांना कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यानंतर पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या खुर्चीवर पाठविण्यात आले. लळितांचे चिरंजीव उदय लळित २०२२ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, हा काळाने उगविलेला सूड खरा. पण काळ प्रत्येक वेळी इतका न्यायी असतोच असे नाही.

नेमणुकीचेही तेच. २०२५ साली भारतीय जनता पक्षाच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी पुढे येताच विरोधकांनी आक्षेप घेतला. सत्ताधाऱ्यांनी उत्तर दिले की काँग्रेसचे खासदार बहरूल इस्लाम १९७२ साली राज्यसभेतून थेट गुवाहाटी उच्च न्यायालयात गेलेच ना? दोन्ही पक्षांनी एकमेकांची उणीदुणी दाखविली, आणि एकाच्या पापाने दुसऱ्याचे पाप धुतले जाते असा जणू नवाच धर्म सांगितला. आमचे मत स्पष्ट आहे. पूर्वी पक्षात असणे एवढाच दोष नव्हे. केरळच्या साम्यवादी मंत्रिमंडळातील कृष्ण अय्यर हे पुढे थोर न्यायमूर्ती झाले. परंतु पक्षाचा उंबरठा आणि न्यायालयाचा उंबरठा यांत पुरेसे अंतर असावे आणि निवड कोणत्या गुणांवर झाली हे लोकांना वाचावयास मिळावे.

मग ही निवड लोकप्रतिनिधींच्या हाती द्यावी काय? अमेरिकेत ती सिनेटच्या हाती आहे. तेथे २०१६ साली मेरिक गारलंड यांच्या नावाची सुनावणीच झाली नाही, कारण निवडणूक जवळ आली होती. आणि २०२० साली मतदानास आठवडा उरला असताना एमी बॅरेट यांचे नाव मंजूर झाले. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी ही पद्धत नाकारली, कारण तीत राजकीय दडपणाचा धोका होता. पण त्याच भाषणात त्यांनी सरन्यायाधीशांच्या संमतीस नकाराधिकाराचे रूप देण्यासही विरोध केला. सरन्यायाधीश हाही गुणदोषांचा माणूसच, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही टोकांचे भय त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९९३ च्या निर्णयाने न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची कॉलेजियम पद्धत आली. २०१४ साली संसदेने नियुक्ती आयोग आणला, तो न्यायालयाने २०१५ साली चार विरुद्ध एक अशा मताने रद्द ठरविला. सरकारच्या हाती सूत्रे जाऊ नयेत हे आम्हांसही मान्य आहे. पण बंद दाराआड बसलेले कॉलेजियम सरकारच्या एका पत्रासरशी आपला ठराव बदलीत असेल, तर आयोग रद्द करून मिळविले काय? कुंपणानेच शेताची वाट मोकळी केली असे होईल.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सरकारने शिफारस परत पाठविली तर कारण लेखी द्यावे व ते प्रसिद्ध व्हावे. उत्तर देण्यास मुदत असावी आणि ती उलटली तर शिफारस मान्य झाली असे समजावे. न्यायाधीशाची बदली त्याच्या संमतीवाचून करणे भाग पडले तर तिचेही कारण जाहीर व्हावे. आणि ज्याला पुढे कायम करावयाचे त्याला वर्षानुवर्षे उमेदवारीत ठेवू नये. टांगत्या तलवारीखाली बसलेल्या माणसाकडून निर्भयतेची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

रामशास्त्र्यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. तिच्यातील दुसरा अर्थ आपण विसरतो. शास्त्रीबोवा गेले आणि राघोबा राहिला! न्यायाधीश धैर्यवान असून भागत नाही. धैर्य दाखविल्यानंतरही तो त्याच आसनावर बसलेला दिसला पाहिजे. आमचा दावा ज्या दिवशी निकालास निघेल त्या दिवशी निकाल आमच्या बाजूने लागेल की विरुद्ध, हे आम्ही सांगू शकत नाही. विरुद्ध लागला तरी तो निर्भय माणसाने दिला आहे, अशी खात्री आम्हांस हवी. एवढी खात्री ज्या देशात सामान्य माणसाला वाटते, त्याच देशात पराभूत पक्षकार न्यायालयाला नमस्कार करून घरी जातो.