रेणूची घडण आणि विजेची वाट
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक. विज्ञानावर हा काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. परंतु "सर, कार्बनची ही सूत्रे पाठ करून उपयोग काय?" हा प्रश्न मी वर्गावर्गांतून ऐकला आहे. त्या कंटाळ्यापायी चांगली हुशार मुले-मुली विज्ञान शाखेकडे पाठ फिरवितात, हेही पाहिले आहे. म्हणून आज त्याच प्रश्नाला हात घालतो.

'नव' आणि 'वन' या शब्दांत अक्षरे तीच आहेत. जागा बदलली की अर्थ बदलतो. रेणूंचेही तसेच आहे.

वायरीवर प्लॅस्टिकचे वेष्टण का असते? त्यातून वीज जात नाही म्हणून. त्यातील कार्बनच्या साखळीत सारे बंध एकेरी, आणि इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात जखडलेले. पण साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून आले, की दुहेरी बंधांतील काही इलेक्ट्रॉन एका जोडीचे राहत नाहीत. ते साऱ्या साखळीभर पसरतात. सेंद्रिय अर्धसंवाहकांचे मूळ येथे आहे.

आपल्या कपाटातील जुन्या पद्धतीची डांबरगोळी घ्या. ती नॅप्थॅलीनची. तिच्या रेणूत कार्बनच्या दोन षट्कोनी कड्या असतात, आणि ती पांढरी दिसते. तीन कड्यांचे अँथ्रासीनही रंगहीनच. चार कड्यांचे टेट्रासीन नारिंगी, तर पाच कड्यांचे पेंटासीन गडद निळे! कड्या वाढल्या की इलेक्ट्रॉनला वर उडी मारण्यास कमी ऊर्जा पुरते. मग अतिनील प्रकाशाऐवजी डोळ्यांना दिसणारा प्रकाशच शोषला जातो आणि पदार्थाला रंग येतो. इतका सरळ हिशेब रसायनशास्त्रात क्वचितच सापडतो.

परंतु एकटा रेणू चांगला असून भागत नाही. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून हातोहात घमेली पुढे देतात, ते आठवा. दोघांत अंतर पडले की काम अडते. वीजभारही असाच एका रेणूवरून दुसऱ्यावर जातो. म्हणून रेणू शेजारी कसे रचले जातात, याला फार महत्त्व आहे. पेंटासीनचे रेणू एकमेकांशी तिरके बसतात. शिवाय ते द्रावकात जवळजवळ विरघळत नाही आणि हवा-उजेडात खराब होते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या जॉन अँथनी यांच्या गटाने 2001 मध्ये त्याच्या मधल्या कडीला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनयुक्त जाडजूड गट जोडले. त्यामुळे ते विरघळू लागले, अधिक टिकू लागले, आणि रेणू भिंतीतल्या विटांसारखे एकमेकांवर सपाट रचले गेले. पाच कड्या त्याच. बदलले ते फक्त हातपाय!

जपानची गोष्ट याहून गंमतीची. 1967 मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूपासून पॉलिॲसिटिलीन करताना उत्प्रेरक चुकून हजारपट पडला, आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा मिळाला. पुढे दिसले, की कमी तापमानाला तो तांबूस होतो आणि जास्त तापमानाला चंदेरी. अणू तेच, जोडणीचा क्रमही तोच. फक्त साखळीचे वळण निराळे. 1977 मध्ये ॲलन हीगर आणि ॲलन मॅकडायर्मिड यांच्यासह त्यांनी चंदेरी पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा त्याची वाहकता सुमारे एक कोटीपट वाढली. आयोडीन साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेते. रिकाम्या जागेमुळे उरलेल्यांना सरकायला वाव मिळतो. खचाखच भरलेल्या एस.टी.त एक उतारू उतरला की जसे होते तसे. तिघांना 2000 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलचा पडदा अशाच कार्बनी रेणूंनी उजळतो. त्याची वाट 1987 मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या हिरव्या दिव्याने मोकळी केली. रेणूची घडण बदलून लाल, हिरवा, निळा रंग मिळविता येतो. मात्र निळा सर्वांत नाठाळ. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, आणि तीच ऊर्जा रेणूचे बंध तोडते. म्हणून निळे रेणू लवकर थकतात. त्यांना दीर्घायुषी आणि काटकसरी असे दोन्ही एकदम करणारी घडण शोधण्याचे काम आजही चालू आहे, आणि ते सुरू होते ते वहीतल्या त्याच षट्कोनांपासून.