दुसरी बॅटरी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली बॅच शाळेला सौर पॅनेल आणि रात्रीच्या अभ्यासिकेसाठी बॅटरी देणार आहे. मी याच कामात असल्याने चार शब्द बोलायला सांगितलं आहे. चारच्या वर गेलो, तर सरांनी घंटा वाजवावी.

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर पूर्वी संध्याकाळचे काही तासच जनरेटर चालायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल गेली आणि प्रश्न मिटला. लक्षद्वीप मात्र किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तिथे डिझेलसुद्धा जहाजाने न्यावं लागतं. म्हणून कवरत्तीत सौर पॅनेलबरोबर मोठी बॅटरी बसवली. जानेवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली.

बेटाला पाणीच लागतं असं नाही. पुणे जिल्ह्यातली दरेवाडी डोंगरात आहे. तारा तिथे पोचल्या नव्हत्या. २०१२ मध्ये सुमारे चाळीस घरांसाठी जवळपास साडेनऊ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. घरोघरी मीटर, दरमहा बिल, आणि कारभार गावाकडे.

बिल कशाला, ऊन तर फुकट? इथेच खरी गोम आहे. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. साधी लेड-ॲसिड बॅटरी पाच-सहा वर्षांत थकते, रोज तळापर्यंत उपसली तर त्याआधीच. लिथियमची जास्त टिकते, पण तीही कधीतरी बदलावीच लागते. पहिली बॅटरी अनुदानात येते, फोटो निघतात. दुसरीला कोणी येत नाही. मग पॅनेलवर मिरच्या वाळतात.

टँकरचं पाणी विहिरीत ओतलं की काय होतं, हे पाथर्डीकरांना सांगायला नको. ज्याचा दोर लांब, त्याचे हंडे भरतात. बॅटरीचंही तसंच. चार दिवे, एक पंखा, मोबाईल एवढ्यावर एक घर रात्रीला अर्धा युनिट घेतं. म्हणजे चाळीस घरांना वीस युनिट. एकाने दोन हजार वॅटची शेगडी तासभर लावली, की चार घरांची रात्र संपली. म्हणून पिठाची गिरणी भर दुपारी, उन्हावरच चालवायची आणि बॅटरी दिव्यांसाठी राखायची. हा नियम मशीन बसवण्याआधी बैठकीत ठरावा लागतो. नंतर भांडणं होतात.

आता आपल्या शाळेचं. दिवसाच्या वर्गांना बॅटरी नकोच. पॅनेलची वीज थेट वापरता येते, उरलेली महावितरणच्या जाळ्यात देता येते. बॅटरी फक्त अभ्यासिकेपुरती, छोटी. माझ्या मते पॅनेल दोन कमी बसवले तरी चालतील, पण वर्गणीच्या वहीत ‘दुसरी बॅटरी’ असा वेगळा रकाना आजच काढावा आणि ती रक्कम शाळेच्या नावे मुदत ठेवीत टाकावी. स्मरणिकेत तिचा फोटो येणार नाही, याची मंडळींनी तयारी ठेवावी.

वही बाहेर टेबलावर आहे. माझं नाव त्याच रकान्यात लिहून आलो आहे.