मुलीची युरोपच्या क्लबात निवड झाली, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे?

मी कांजूरमार्गहून बोलतेय. इथल्या वस्तीतल्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी आपण या कार्यक्रमात कर्ज, विमा, आरोग्य यांवर बोलतो. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. हसू नका. हा विषय फिरून आपल्या गटाच्या वहीपाशीच येणार आहे.

गेल्या काही वर्षांत मुलींचा फुटबॉल आपल्या दारापर्यंत आला. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आशियातल्या महिला संघांची मोठी स्पर्धा अंधेरी, नवी मुंबई आणि पुण्यात बालेवाडीला झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नवी मुंबईत झाली. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला एका गोलने हरवलं. आमच्या वस्तीतल्या मुली आता बूट पायात घालून मैदान शोधत फिरतात. गावाकडेही शाळाशाळांतून मुलींचे संघ उभे राहतायत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण खेळाच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली. फोनवर निरोप येतो : ‘अभिनंदन, तुमच्या मुलीची युरोपच्या क्लबसाठी निवड झाली आहे, नोंदणी फी भरा.’ आई हरखून जाते आणि गटाकडे कर्ज मागते. म्हणून आज एवढंच समजून घेऊ, की खेळाडू खरोखर युरोपात जाते तेव्हा काय काय घडतं, आणि पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो.

आधी अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथून युरोपात सतत खेळाडू जात असतात. नाओमी गिर्मा नावाची एक बचावपटू आहे. इथियोपियातून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांची मुलगी. जानेवारी २०२५ मध्ये ती सॅन डिएगो वेव्ह हा क्लब सोडून लंडनच्या चेल्सी क्लबात गेली. त्यासाठी चेल्सीने सुमारे ११ लाख डॉलर मोजले. आपल्या रुपयांत नऊ कोटींहून जास्त. महिला फुटबॉलमध्ये एका बदलीसाठी दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता नीट ऐका. हे नऊ कोटी नाओमीला मिळाले नाहीत आणि तिच्या आईवडिलांनी भरलेही नाहीत. ते चेल्सीने तिच्या जुन्या क्लबाला दिले. तिचा त्या क्लबाशी केलेला करार अजून संपायचा होता, म्हणून त्याची ती भरपाई. तिचा पगार वेगळा, आणि तोही क्लबच देणार. कराराची मुदत संपलेली असेल, तर खेळाडू मोकळी असते. मग जुन्या क्लबाला बदलीची रक्कम द्यावी लागत नाही.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफा. तिचा आणखी एक नियम आहे. अशा बदलीच्या रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा, खेळाडूला १२ ते २३ या वयात ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचा. म्हणजे पैसा मोठ्या क्लबाकडून निघतो आणि खाली, छोट्या क्लबापर्यंत येतो. तो आईच्या पदरातून वर जात नाही. आजच्या भाषणातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

अमेरिकेतल्या मुली इतक्या पुढे कशा गेल्या, हेही सांगते. १९७२ साली तिथे कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही, आणि त्यात खेळही आला. मग मुलींना मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाले, खेळावर शिष्यवृत्ती मिळाली. १९९१ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो अमेरिकेनेच जिंकला, आणि आजवर एकूण चार वेळा जिंकला. नाओमीसुद्धा स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकता शिकता खेळली, मग व्यावसायिक क्लबात गेली, मग युरोपात. म्हणजे आधी शाळेचं मैदान, आणि युरोप सगळ्यात शेवटी.

आता आपल्या देशातल्या मुली बघू. अदिती चौहान गोलकीपर. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथे असताना २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. मणिपूरची बाला देवी २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबात दाखल झाली. दीड वर्षाचा करार. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. तेव्हा तिचं वय जवळजवळ तीस होतं. मागे भारतीय संघातली कितीतरी वर्षं होती आणि मणिपूर पोलिसांची नोकरी होती. क्लबाने आधी तिला चाचणीसाठी बोलावलं, खेळ पाहिला, मगच सही झाली.

पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातली मनीषा कल्याण. गोकुलम केरळ क्लबाकडून ती देशातली लीग खेळायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने भारताकडून खेळताना ब्राझीलसारख्या संघाविरुद्ध गोल केला. पुढच्या वर्षी सायप्रसच्या अपोलॉन क्लबाने तिला घेतलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली.

या तिघींत सारखं काय आहे? प्रत्येकीचा खेळ आधी सगळ्यांसमोर झाला होता. सामने झाले, नोंदी झाल्या, नाव झालं. घरच्या मोबाइलवर अचानक निवडीचं पत्र आलं, असं एकीचंही झालं नाही.

महाराष्ट्राचंही सांगते. कोल्हापुरात तालमींच्या संघांची फुटबॉलची परंपरा किती जुनी, हे तिकडच्या मैत्रिणींना मी काय सांगणार! त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढे त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात काही महिने सरावाची संधी मिळाली. हा क्लब २०१० पासून आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीच्या मालकीचा आहे. नंतर तो परत येऊन आपल्याच इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. सराव आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळतं. मालक आपल्या राज्यातले असले तरी परदेशी खेळाडूला इंग्लंडमध्ये नोकरीवर ठेवायचं, तर तिथल्या फुटबॉल संघटनेची मान्यता आणि व्हिसा लागतोच. सुनील छेत्रीसारख्या खेळाडूचंही २००९ मध्ये असंच झालं. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचं ठरवलं होतं. पण जागतिक क्रमवारीत भारत खूप खाली, म्हणून कामाचा परवाना मिळाला नाही. मग कोणी अनोळखी माणूस ‘परवान्याचं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणाला, तर सावध व्हायला नको का?

आता वयाचा नियम. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर. किंवा युरोपीय संघातल्या देशांमध्ये १६ ते १८ वयात, काही अटींवर. अमेरिकेचा ख्रिश्चन पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबात खेळू शकला, कारण आजोबा क्रोएशियाचे म्हणून त्याला क्रोएशियाचं नागरिकत्व मिळालं. ज्यांच्याकडे असा कागद नव्हता, त्या त्याच्याच वयाच्या अमेरिकन मुलांना अठरापर्यंत थांबावं लागलं. अमेरिकेच्या मुलांना थांबावं लागतं, तर आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला कोण कसं नेणार?

आमच्याकडच्या एका गटात हाच प्रश्न आला. एका ताईंनी दीड लाखाचं कर्ज मागितलं. मुलगी सोळा वर्षांची, खेळते खरंच छान. पत्रावर युरोपातल्या क्लबाचं चिन्ह होतं, खाली सही होती. एवढी रक्कम गटाकडे शिल्लकही नव्हती. पण काही जणी म्हणाल्या, बँकेचं कर्ज काढू, सगळ्या मिळून फेडू. दोघी-तिघी नको म्हणाल्या, तेव्हा त्या ताई रडल्या. म्हणाल्या, “मुलाच्या परदेशातल्या नोकरीसाठी मागितले असते, तर दिले असते ना?” बैठकीत कोणाला उत्तर सुचेना, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मुलीच्या बाबतीत आपला हात आखडतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून गटाने नकार दिला नाही. आठ दिवसांनी ठरवू, असा ठराव लिहिला आणि त्या माणसाकडे कागद मागितले. तो म्हणाला, आज रात्रीपर्यंत पैसे भरा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. मग आम्ही क्लबाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर मेल लिहिली. काही दिवसांनी उत्तर आलं, की असं पत्र आम्ही कोणालाही दिलेलं नाही. पैसे वाचले. पण मुलगी दोन आठवडे मैदानावर गेली नाही आणि तिची आई पुढच्या बैठकीला आली नाही. पोरीला वाटलं, आपला खेळच खोटा ठरला. तेव्हा गटातल्या दोघी घरी गेल्या आणि तिला म्हणाल्या, “बाळा, पत्र खोटं होतं, तुझा खेळ नाही.” नंतर गटाने त्याच ताईंना बूट, प्रवास आणि क्लबाच्या नोंदणीसाठी आठ हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. त्याचे हप्ते वेळेवर येतायत. मुलगी आज मुंबईतल्या एका क्लबाकडून रीतसर खेळते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा अर्ज आला तर पाच गोष्टी विचारा. वहीत लिहून घ्या.

एक, मुलीचं वय काय? अठराच्या आत असेल आणि कोणी परदेशी क्लबाच्या कराराचं बोलत असेल, तर तिथेच थांबा.

दोन, पैसे कशाचे? खरा क्लब निवडीसाठी, करारासाठी किंवा ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ पैसे मागत नाही. युरोपात पैसे भरून जाता येईल अशी शिबिरं आहेत. ती शिकवणी समजा. ऐपत असेल तर पाठवा, पण तिला निवड म्हणू नका. चाचणीला जायचा प्रवासखर्च काही वेळा आपल्याला करावा लागतो. तेव्हा तिकीट मुलीच्या नावाने स्वतः काढा, रोख रक्कम कोणाच्या हातात देऊ नका.

तीन, मध्यस्थ कोण? फुटबॉलच्या एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवाना असलेल्यांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. गटातली शिकलेली मुलगी पाच मिनिटांत शोधून देईल.

चार, मुलीची नोंदणी कुठे आहे? शाळा बदलताना जसा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तसा देश बदलताना फुटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय बदली दाखला लागतो. तो एका देशाच्या फुटबॉल संघटनेकडून दुसऱ्या देशाच्या संघटनेकडे जातो, एजंटच्या बॅगेतून नाही. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आहे आणि महाराष्ट्रासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. शंका आली तर जिल्ह्याच्या संघटनेत जाऊन विचारा. मुलीची नोंदणीच झालेली नसेल, तर पहिलं काम ते.

पाच, घाई कोण करतंय? आज रात्रीची मुदत देणाऱ्याला गटाची पुढची बैठक कधी आहे ते सांगा. मूळ पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आणि ‘नको’ म्हणून अर्ज बाजूला ठेवू नका. बूट, चांगला आहार, जिल्ह्याच्या निवड चाचणीचं भाडं, पासपोर्ट, इंग्रजीची शिकवणी, यांसाठी गटाने जरूर कर्ज द्यावं. ग्रामसभेत मुलींसाठी मैदानाची वेळ मागून घ्यावी. संध्याकाळी मैदानावर फक्त मुलगेच दिसत असतील, तर युरोप फार लांबची गोष्ट झाली. देशात महिलांची लीग आहे. तिथवर आपली मुलगी पोचली, तर तिला बघायला क्लब स्वतःहून येतील, आणि तेव्हा पैसे मोजायची पाळी त्यांची असेल.

पुढच्या मासिक बैठकीत हे पाच प्रश्न एकदा मोठ्याने वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.