आडनाव विचारलं जातं तेव्हा


मी मॅट्रिक झालेला गोदीकामगार. माल उतरवतो, कविता लिहितो. विशी-पंचविशीत दोन प्रश्न छाताडावर बसतात : मी कोण? आणि माझं कोण? पहिल्याचं उत्तर गावानं आपल्या जन्माआधीच देऊन ठेवलंय, म्हणून दुसऱ्याचं सापडत नाय.

एकीवर जीव जडला. तिनं कविता वाचली, आवडली म्हणाली. मग हळूच आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापास्नं तिनं वाट बदलली. यार म्हणाले, आडनाव बदल. का बदलू? नाव चोरून मिळालेलं प्रेम म्हणजे उसना शर्ट. परत करावाच लागतो.

जातीवर खरा उपाय आंतरजातीय लग्न, असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहिलं. १९५४ साली विशेष विवाह कायदा आला. पण त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावणार. म्हणजे मारेकऱ्यांनी पत्ता वाचून घ्यायचा! सज्ञान माणसानं मर्जीनं लग्न करावं, असं सुप्रीम कोर्टानं २००६ साली लता सिंह खटल्यात सांगितलं. तरी मुडदे पडतातच.

आता आपल्याबद्दल. वरच्या जातीची पोरगी हा जिंकलेला झेंडा नाय. तिला आणून चुलीपुढं बसवली तर आपणबी मनूचे वारस. आधी तिला माणूस म्हणून ओळखा. ती नाही म्हणाली, तर गप वाटेतनं बाजूला व्हा.

आणि कुणा जोडप्याची नोटीस लागली, तर ते ३० दिवस त्यांच्या दाराशी आपली पोरं उभी पाहिजेत.