शेजाऱ्याचा मीटर



वीज का वाचवावी, असं विचारलं तर आपण काय सांगू? पर्यावरणासाठी, मुलाबाळांसाठी, बिल कमी यावं म्हणून. शेजारी वाचवतात म्हणून मीही वाचवतो, असं कुणी म्हणणार नाही. विचारलं तेव्हा कॅलिफोर्नियातले लोकही तसं म्हणाले नाहीत. पण तिथल्या मीटरनं वेगळंच सांगितलं.

तिथल्या सॅन मार्कोस या गावात मानसशास्त्रज्ञांनी घरोघरी दारांना चिठ्ठ्या अडकवल्या. काहींवर पर्यावरणाची हाक, काहींवर पैशांची बचत, काहींवर समाजाचं भलं. आणखी काहींवर एवढंच, की गावातले बहुतेक लोक उन्हाळ्यात एसीऐवजी पंखा लावतात. नंतर मीटर वाचले, तर सगळ्यांत कमी वीज या शेवटच्या घरांत जळली होती. हा अभ्यास जेसिका नोलन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच गावातला दुसरा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा. प्रत्येक घराला कळवलं, तुमचा वापर इतका, परिसराची सरासरी इतकी. जास्त वापरणारे खाली आले. पण आधीच काटकसर करणारे वर चढले! सगळेच इतकी वीज वापरतात, मग आपणच का मन मारायचं? अशाच दुसऱ्या काही काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर मात्र हाताने एक हसरा चेहरा काढून दिला. तेवढ्यावर त्यांचा वापर होता तिथेच राहिला. केलेल्या कामाची कुणीतरी दखल घेतली होती.

आपल्याकडे मात्र दखल घेतली जाते ती चुकणाऱ्यांची. ‘लोक पाणी वाया घालवतात’, ‘सगळीकडे प्लास्टिक फेकतात’, हे आपण पोटतिडकीने सांगतो आणि ऐकणारा त्यातून नेमकं नको ते उचलतो: सगळेच तसं करतात. हेच अमेरिकेतल्या ॲरिझोनातही दिसलं. तिथल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात वाटेवर अश्मीभूत लाकडाचे खुणा केलेले तुकडे ठेवले होते. ‘अनेकांनी लाकूड नेल्याने जंगलाचं रूप बिघडलं’ अशी पाटी लावली, तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ असं लिहिलं, तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी.

म्हणून सोसायटीच्या फळ्यावर कचरा वेगळा न करणाऱ्यांची यादी लावू नका. वेगळा करणारी घरं किती, ते लिहा. आकडा खरा हवा. तो अजून लहान असेल, तर मागच्या महिन्यापेक्षा किती घरं वाढली, ते लिहा.