रिकाम्या जागांची किमया

पंधरा आकडे आणि एक रिकामं घर असलेला सरकत्या चौकटींचा खेळ तुम्ही खेळला असाल. ते घर नसतं, तर एकही आकडा हलला नसता. काही सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन वाहतात, ते नेमके असेच.

लँथॅनम गॅलेट हे पेरोव्हस्काइट जातीचं सिरॅमिक. शुद्ध असताना त्यातली ऑक्सिजनची घरं जवळजवळ भरलेली असतात, त्यामुळे आयनांना सरकायला वाव नाही. आता लँथॅनमच्या काही जागी स्ट्रॉन्शियम आणि गॅलियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसवा. मूळ धातूंवर तीन धन भार, पाहुण्यांवर दोनच. भारांचा तोल सांभाळायला दर दोन पाहुण्यांमागे ऑक्सिजनचं एक घर रिकामं होतं. तापवलं की शेजारचा आयन तिथे उडी मारतो आणि मागे नवी जागा सोडतो!

पाहुणा मात्र योग्य हवा. कॅल्शियम किंवा बेरियमपेक्षा स्ट्रॉन्शियम इथे सरस ठरतं. प्रमाणही जपावं लागतं. अति झालं की रिकाम्या जागा पाहुण्यांपाशीच अडकतात, नको ती संयुगं तयार होतात आणि वहन घटतं.

जपानचे तात्सुमी इशिहारा यांनी 1994 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडलं. 800 अंश सेल्सिअसला ते इंधन-घटांमधल्या नेहमीच्या झिर्कोनियापेक्षा कित्येक पट अधिक ऑक्सिजन-आयन वाहून नेतं.